पान ‘स्ट्रिक्ट’ आहे म्हणजे नक्की काय? डॉकटाइप आणि कंटेंट टाइप

मोबाइलवर पानाऐवजी एरर दिसली की हमखास सल्ला मिळतो: ‘ब्राउझर कडक आहे, डॉकटाइप बदलून बघ.’ दुखणं एकीकडे, मलम भलतीकडे. वेबवर कडकपणा दोन प्रकारचा असतो आणि लोक दोन्हींना ‘स्ट्रिक्ट’च म्हणतात.

पहिल्या ओळीतला डॉकटाइप (पान एचटीएमएलच्या कोणत्या प्रकारात लिहिलंय ते सांगणारी खूण) फक्त मांडणीचं ठरवतो: नियमांनुसार चालणारा स्टँडर्ड्स मोड की जुन्या ब्राउझरांच्या खोडी सांभाळणारा क्वर्क्स मोड. रुंदी 100 पिक्सेल आणि दोन्ही बाजूंना 10 चं पॅडिंग (आतली मोकळी जागा) दिलं, तर इंटरनेट एक्सप्लोरर 6 स्टँडर्ड्समध्ये 120 चा चौकोन काढायचा, क्वर्क्समध्ये 100 चाच. पान वेडंवाकडं होईल, पण दिसेल.

दुसरा कडकपणा पानात लिहिलेलाच नसतो. तो सर्व्हरने पानासोबत पाठवलेल्या कंटेंट टाइप हेडरमध्ये, म्हणजे ‘ही फाइल कोणत्या प्रकारची’ हे सांगणाऱ्या ओळीत असतो. तिथे ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ असेल, तर वर एक्सएचटीएमएलचा (एक्सएमएलच्या कडक नियमांनी लिहिलेल्या एचटीएमएलचा) डॉकटाइप कितीही मिरवत असला तरी ब्राउझर ते साधं एचटीएमएल समजतो आणि चुका पोटात घालतो. ‘ॲप्लिकेशन/एक्सएचटीएमएल+एक्सएमएल’ असेल तर मात्र एक्सएमएलचा पार्सर (कोड वाचून उलगडणारा भाग) कामाला लागतो आणि पहिल्याच चुकीला हात वर करतो. चूक तरी केवढी? लिंकच्या पत्त्यात ‘&’ असं न लिहिता नुसतं ‘&’ राहिलं, एवढीच. फायरफॉक्स अख्खं पान गिळून एरर दाखवतो. क्रोम चुकीपर्यंतचा मजकूर देतो आणि वर गुलाबी चौकट लावतो. जुना ऑपेरा त्यातल्या त्यात माणुसकीचा: ‘एचटीएमएल म्हणून पुन्हा वाचू का?’ अशी लिंक द्यायचा. म्हणून अशी एरर आली की आधी डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये कंटेंट टाइप बघावा.

2001 मध्ये फोनसाठी एक्सएचटीएमएल मोबाइल प्रोफाइल आलं, तेव्हा हा कडकपणा सोयीचा वाटला होता. चिमुकल्या फोनला चुका निस्तरायला मेमरी कुठली? कागदावर पटण्यासारखं आहे. पण चूक करणारा आपल्या डेस्कटॉपवर तेच पान ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ म्हणून बघायचा, त्याला सगळं आलबेल. एररचा पडदा बघायचा तो केबीगणिक पैसे मोजणारा वाचक. माझा राग आहे तो यावर.

पुढे एचटीएमएल5 ने चूक कशी सुधारायची हेच नियमात लिहून टाकलं. त्याच कडक वाटेवरच्या एक्सएचटीएमएल 2 चं काम डब्ल्यू3सीने (वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने) थांबवायचं ठरवलं ते 2009 मध्ये. आज बोल्ड आणि इटॅलिकचे टॅग एकमेकांत अडकवून ठेवले, तरी क्रोम, सफारी आणि फायरफॉक्स ती गाठ एकाच पद्धतीने सोडवतात, कारण स्टँडर्डच तसं सांगतं.