सीमाभागात डिजिटल साक्षरतेचं काम : निधी कुठे मागायचा, कागद कोणते लागतात

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या महिला मंडळांची आणि तरुण मंडळांची विचारणा साधारण एकाच प्रकारची असते. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे जमा झाले का ते बायकांना स्वतःच्या मोबाईलवर बघता यावं, ‘भूमी’ या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावरून उतारा काढता यावा, सेवासिंधू या सरकारी सेवांच्या पोर्टलवर अर्ज भरता यावा, म्हणून वर्ग घ्यायचे आहेत, पैसे कोण देईल? आधी कटू उत्तर. मंडळाची नोंदणी नसेल तर कंपनी किंवा सरकारी खातं थेट निधी देणार नाही. म्हणून माझा सल्ला असा, की पहिल्या वर्षी देणगीदार शोधत फिरू नका, कागदपत्रं पूर्ण असलेली संस्था शोधा आणि तिच्यासोबत काम सुरू करा. तोवर स्वतःची नोंदणी उरकून घ्या.

कर्नाटकात संस्था नोंदवायची तर कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० लागू होतो आणि किमान सात सभासद लागतात. विश्वस्त संस्था किंवा कलम ८ ची (ना-नफा) कंपनी हेही मार्ग आहेत, पण मंडळांना पहिला सोयीचा. नोंदणीनंतर दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि तपासलेले हिशेब निबंधकांकडे द्यावे लागतात. बरीच जुनी मंडळं नेमकी इथेच अडकतात: प्रमाणपत्र भिंतीवर, हिशेब मात्र वर्षानुवर्षं दिलेलेच नाहीत. पुढे संस्थेच्या नावाचं पॅन, बँक खातं, आयकर खात्याची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, आणि स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीसाठीच्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. दर्पणसाठी पदाधिकाऱ्यांचेही पॅन लागतात, ते आधीच गोळा करा.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधी हा सगळ्यांत मोठा स्रोत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्चायची असते, आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं. बेळगावात हिंदाल्कोचा ॲल्युमिना कारखाना आहे. अशा कंपन्यांचं सीएसआर धोरण त्यांच्या संकेतस्थळावर असतं, आणि कुणी किती खर्च केला हे राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर दिसतं. ते वाचून मगच पत्र लिहा. आपल्याकडे लोक पहिली धाव साखर कारखान्याकडे घेतात. संकेश्वरचा हिरण्यकेशी किंवा निपाणीचा हालसिद्धनाथ हे सहकारी कारखाने. ते कंपनी कायद्याखाली येत नाहीत, म्हणून कलम १३५ त्यांना लागूच नाही. त्यांनी दिलं तर ती देणगी, हक्काने मागता येत नाही.

सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ क्रमांक हवा. १ एप्रिल २०२१ पासून तो बंधनकारक आहे. अर्ज कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर, डिजिटल सहीने, सीए किंवा कंपनी सेक्रेटरीच्या प्रमाणनासह भरायचा. संस्थेला किमान तीन वर्षांच्या कामाचा पूर्वइतिहास लागतो. नव्या मंडळाने भागीदार शोधावा म्हणतो ते यासाठीच.

आणखी एक नियम फारसा कुणाला माहीत नसतो. सीएसआरच्या पैशातून घेतलेले संगणक किंवा टॅब सीएसआर क्रमांक असलेल्या संस्थेच्या नावावर राहू शकतात, सरकारी यंत्रणेच्या नावावर राहू शकतात, किंवा लाभार्थींच्या स्वसाहाय्य गटाच्या. म्हणजे मोठी संस्था प्रकल्प चालवेल, पण टॅब तुमच्या स्त्रीशक्ती गटाच्या मालकीचे होऊ शकतात. करारात हे लिहून घ्या. प्रकल्प संपल्यावर सामान कुणाचं, यावरून भांडणं होतात.

भागीदार कोण? बेंगळुरूची आयटी फॉर चेंज, दिल्लीची डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशन या क्षेत्रात वीसहून अधिक वर्षं आहेत. अपंगांसाठी काम असेल तर बेंगळुरूची इनेबल इंडिया. कोल्हापूर-सांगलीची संस्था मराठी म्हणून जवळची वाटते, पण ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर तिच्या घटनेत कार्यक्षेत्र फक्त महाराष्ट्र लिहिलं आहे का, ते आधी बघा. तसं असेल तर बेळगाव जिल्ह्यात खर्च करायला तिला अडचण येईल.

परदेशी निधी असलेल्या संस्थेबद्दल एक गैरसमज आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचे (परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेले) पैसे एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळते करता येत नाहीत. ती तुमच्या गावात स्वतः खर्च करू शकते, प्रशिक्षकाला मानधन देऊ शकते. तुमच्या खात्यात रक्कम टाकू शकत नाही. स्वतः एफसीआरए नोंदणी करायची तर तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. छोट्या मंडळाने त्या वाटेला जाऊ नये.

सरकारी बाजूला पर्याय कमी आहेत. ग्रामीण डिजिटल साक्षरतेचं केंद्राचं अभियान, पीएमजीदिशा, ३१ मार्च २०२४ ला संपलं. त्याच्या नावाने कुणी ‘केंद्र मिळवून देतो’ म्हणत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. डिजिटल बँक व्यवहारांच्या शिबिरांसाठी नाबार्डचा वित्तीय समावेशन निधी आहे, तो बँकांमार्फत येतो. पूर्वीची विकास ग्रामीण बँक मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँकेत आहे, तिच्या शाखेत आणि नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांकडे चौकशी करा. जागेसाठी ग्रामपंचायतीचं अरिवु केंद्र (वाचनालय) मागा. भाडं वाचतं आणि पंचायतीचं संमतिपत्र अर्जाला जोडता येतं.

अर्जाला जोडायचे कागद असे: नोंदणी प्रमाणपत्र, घटना, पॅन, १२ए आणि ८०जी, दर्पण आणि सीएसआर क्रमांक, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, कार्यकारिणीची यादी, ठराव, रद्द केलेला धनादेश, अंदाजपत्रक. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत द्या, पण शिकवण्याची भाषा मराठी का, हे त्यात सविस्तर लिहा. सरकारी पानं कन्नड आणि इंग्रजीत, शिकणारी बाई मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेली. कन्नड पानावरचं कुठलं बटण कशासाठी हे मराठीतून सांगणारी पुस्तिका आणि गावातलीच प्रशिक्षिका यांचा खर्च वेगळा दाखवा. कणकुंबी, जांबोटीकडे रेंजचा प्रश्न असतो, तिथे इंटरनेटशिवाय चालणारे धडे हवेत. देणगीदार बहुतेक वेळा टॅबची संख्या विचारतो. तुम्ही मात्र किती जणी दुसऱ्याच्या मदतीशिवाय अर्ज भरू लागल्या, हा आकडा द्यायचं कबूल करा. कंपन्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं, तेव्हा प्रस्ताव एप्रिल-मेमध्येच पोचला पाहिजे.