दोन खिडक्यांतला त्रिकोण

पहिल्या रोलमधल्या एकाही फोटोत पाळण्यातलं बाळ धड दिसत नव्हतं. हातभर मागं असलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथी मात्र स्पष्ट वाचता येत होत्या. बारसं उदगीरचं, कॅमेरा मामांचा. मामांचा फोटो स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. कपाट आवरताना सत्तरच्या दशकातला एक जपानी रेंजफाइंडर, म्हणजे दोन खिडक्यांतून अंतर मोजणारा कॅमेरा निघाला, तो त्यांनी माझ्या हातात ठेवला. "पडला होता एकदा. पण चालतोय बघ," एवढंच म्हणाले. चालत होता हे खरंच. शटर उघडत होतं, फिल्म पुढं सरकत होती, उजेडाचं मापही बरोबर येत होतं. चुकत होतं ते अंतर.

या कॅमेऱ्यात अंतर कसं मोजलं जातं हे एकदा समजलं, की जुना कॅमेरा घेताना काय तपासायचं ते आपोआप कळतं. म्हणून आधी तेच सांगतो.

रेंजफाइंडरच्या पुढच्या बाजूला, लेन्सच्या वर, दोन खिडक्या असतात. मोठीतून आपण थेट समोर बघतो. काही सेंटिमीटर बाजूला एक लहान खिडकी असते. तिच्यातून आलेला उजेड आतल्या आरशावरून वळतो आणि मोठ्या खिडकीमागच्या अर्धपारदर्शक आरशावर पडतो. त्यामुळं दृश्याच्या मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो आणि त्या चौकोनात तेच दृश्य दुसऱ्यांदा, जरा सरकलेलं. लेन्सची रिंग फिरवली की आतला आरसा (काही कॅमेऱ्यांत एखादं छोटं भिंग) किंचित हलतो आणि ते दुसरं चित्र आडवं सरकू लागतं. दोन नाकं एकावर एक बसली, की लेन्स त्या नाकावर फोकस झालेली असते.

हात लांब करून अंगठा धरा आणि आळीपाळीनं एकेक डोळा मिटा. अंगठा उड्या मारतो, मागचं झाड जागचं हलत नाही. याला पॅरॅलॅक्स म्हणतात, मराठीत पराशय. दोन डोळ्यांमधलं साधारण ६३ मिलिमीटरचं अंतर हा त्रिकोणाचा पाया आणि अंगठा हे त्याचं टोक. पाया ठाऊक असेल आणि टोकाशी होणारा कोन मोजता आला, तर टोक किती लांब आहे ते जागेवरून न उठता काढता येतं. उदगीरच्या शेजारी बिदरजवळ १८१५ मध्ये विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश मोजणी अधिकाऱ्याच्या सर्वेक्षणानं जमिनीवर साखळीनं एक पायारेषा मोजली होती. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी अशाच रेषांवर उभी राहिली. तिथं पाया मैलांचा होता, मामांच्या कॅमेऱ्यात तो बोटाच्या दोन पेरांएवढा आहे. गणित तेच.

अजिंठ्याशीही याचं नातं आहे. लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करायला नेमलेले रॉबर्ट गिल पुढं छायाचित्रणाकडं वळले आणि त्यांनी त्या परिसराची जोडचित्रं काढली. थोड्या अंतरावरून घेतलेले दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून खास दुर्बिणीतून पाहिले, की लेण्याला खोली येते. गिल यांची जोडचित्रं डोळ्यांना खोली दाखवत होती, रेंजफाइंडर तीच खोली मोजतो.

आता थोडे आकडे. समजा कॅमेऱ्याचा उपयुक्त पाया (तो कसा काढायचा ते पुढं येतं) ३० मिलिमीटर आहे. १ मीटरवरच्या माणसासाठी तो कोन साधारण १.७ अंश होतो, १० मीटरवर ०.१७ आणि २० मीटरवर तर ०.०९ सुद्धा नाही. म्हणजे वस्तू जितकी लांब, तितका कोन बारीक आणि मोजमाप कच्चं. आपल्या नजरेची चूक अंशाच्या साठाव्या भागाएवढी धरली, तर १ मीटरवर अंतर सुमारे १ सेंटिमीटरनं चुकतं, पण १० मीटरवर १ मीटरनं. चूक अंतराच्या वर्गानं वाढते.

तरीही लांबचे फोटो बिघडत नाहीत आणि मला या यंत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. फोटोत जेवढी खोली स्पष्ट येते, तीही साधारणपणे अंतराच्या वर्गानंच वाढते. ४५ मिलिमीटरची लेन्स एफ १.७ वर पूर्ण उघडली (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं), तर १ मीटरवर जेमतेम ५ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो आणि १० मीटरवर ५ मीटरच्या आसपास. चूक आणि चुकीला मिळणारी जागा हातात हात घालून वाढतात, म्हणून एवढासा त्रिकोण सगळीकडं पुरतो. लांब पल्ल्याच्या लेन्सनं मात्र हा हिशेब मोडतो, कारण तिच्यात स्पष्ट पट्टा फार झपाट्यानं आटतो. रेंजफाइंडरवर १३५ मिलिमीटरच्या पुढच्या लेन्स सहसा दिसत नाहीत, त्याचं कारण हे.

दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघतो ती मोठी खिडकी) दृश्य किती पट दाखवतो तो आकडा, म्हणजे उपयुक्त पाया. १९५४ च्या लायका एम३ या जर्मन कॅमेऱ्यात खिडक्या जवळपास ६९ मिलिमीटर लांब आणि दृश्य सुमारे ०.९ पट. गुणाकार ६२ च्या घरात, जवळजवळ आपल्या दोन डोळ्यांएवढा. लायका परवडत असेल तर जरूर घ्या. पण मराठवाड्यात राहणाऱ्या माणसानं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लायका आणि सोव्हिएत बनावटीचे झोर्की, फेड या कॅमेऱ्यांत फिल्मच्या अगदी पुढं कापडी शटर असतं आणि त्याच्यापुढं आरसा नसतो. लेन्स उघडी ठेवून कॅमेरा उन्हाकडं तोंड करून राहिला, तर लेन्स सूर्याचा ठिपका थेट त्या कापडावर पाडते. लहानपणी भिंगानं कागद जाळला असेल, तसंच. एप्रिल-मेच्या उन्हात कापडाला भोक पडायला फार वेळ लागत नाही आणि पुढच्या प्रत्येक फोटोवर पांढरा डाग येतो.

म्हणून माझा कौल न निघणाऱ्या लेन्सच्या जपानी कॅमेऱ्यांना आहे. १९६६ पासूनचा यशिका इलेक्ट्रो ३५, १९७२ चा कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री, ऑलिंपस ३५ एसपी. यांचं शटर धातूच्या पात्यांचं आणि लेन्सच्या आतच असतं, तिथं सूर्याची प्रतिमा जुळत नाही. आवाज इतका हलका की पाळण्यातलं बाळ दचकत नाही. झोर्की-४ स्वस्तात मिळाला तर एवढं पाळा: शटरचा वेग बदलायचा तो कॅमेरा चावी देऊन झाल्यावरच, आधी नाही.

विकत घेताना आधी व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. तो पिवळा चौकोन दिसला पाहिजे. फिका असेल तर अर्धपारदर्शक आरशाचा मुलामा गेलाय, आणि तो बहुतेक वेळा कुणीतरी स्पिरिटनं पुसून घालवलेला असतो. थोडाच फिका असेल तर बाहेरच्या मोठ्या खिडकीच्या मध्यावर काळ्या टेपचा बारीक तुकडा लावून बघा, चौकोन उठून दिसतो. मग मागचं झाकण उघडा, शटर उघडं धरा आणि टॉर्च लावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. आपल्याकडची हवा कोकणापेक्षा कोरडी असल्यानं ती कमी आढळते, पण चामड्याच्या कव्हरात बंद ठेवलेल्या कॅमेऱ्याला पावसाळ्यात धरतेच. झाकणाच्या कडेचा स्पंज डांबरासारखा चिकट झालेला असणार, तो बदलायचाच, त्यावरून किंमत पाडू नका.

बॅटरीचं जरा बारकाईनं बघा. कॅनोनेटसारख्या कॅमेऱ्यांत १.३५ व्होल्टची पाऱ्याची सेल बसायची, ती आता मिळत नाही. साधी १.५ व्होल्टची घातली तर कॅमेऱ्यातल्या उजेडमापकाला (मीटरला) उजेड आहे त्याहून जास्त वाटतो आणि फोटो काळपट येतात. कर्णयंत्राची ६७५ नंबरची सेल १.४ व्होल्टची, ती चालते. ती हवेवर चालणारी असल्यानं उन्हाळ्यात लवकर सुकते, तेव्हा जवळ एक जास्तीची ठेवा.

यशिका इलेक्ट्रो सोडला, तर मीटर मेलेलाच असेल तरी अडत नाही. लख्ख उन्हात एफ १६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओएवढा (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील तो आकडा; १०० ची फिल्म तर सेकंदाचा शंभरावा भाग), हा जुना नियम आपल्या उन्हाला चोख लागू पडतो. पण यांतल्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सर्वांत जास्त वेग ५०० चा. ४०० ची फिल्म घातली तर दुपारी एफ १६ सोडता येत नाही. उन्हाळ्यात १०० ची घाला.

मामांच्या कॅमेऱ्याचं दुखणं आम्ही गच्चीवर शोधलं. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र होता. एवढ्या लांबच्या वस्तूसाठी दोन्ही खिडक्यांतून येणारे किरण समांतर असतात, म्हणून रिंग शेवटच्या खुणेवर नेली की शुक्र एकच दिसायला हवा. मला दोन दिसले. रिंग पुढं जाईना आणि ते एक होईनात. पडताना आतला आरसा केसभर सरकला होता. त्यामुळं खिडकी १ मीटर म्हणत होती तेव्हा लेन्स त्याच्या बरीच मागं, कॅलेंडरवर बघत होती.

मामांनी वरचं झाकण काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि बारीक पेचकसानं एक स्क्रू इतका हळू फिरवला की तो हलल्याचं मला दिसलंच नाही. "आता बघ." दोन शुक्र जवळ आले होते. "अजून थोडं, मामा." पुन्हा एकदा. मग दुसरी तपासणी. फिल्म बसते त्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून लावला, शटर बी वर (बटण दाबून असेपर्यंत उघडं राहतं ती खूण) उघडं धरलं आणि टेपनं मोजून बरोबर १ मीटरवर पेटती उदबत्ती ठेवली. खिडकीतली दोन टोकं एक झाली, तेव्हा कागदावरचा निखाराही टाचणीच्या टोकाएवढा बारीक होता.

दुसरा रोल मी घरीच धुतला. काळ्या-पांढऱ्या फिल्मचं डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांवर वापरायचं असतं आणि मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. मामींनी माठ पुढं केला. कोरड्या हवेत माठातलं पाणी झिरपून झपाट्यानं उडतं आणि आतलं थंड होतं. थर्मामीटरनं २४ दाखवले, म्हणून फिल्म डेव्हलपरमध्ये ठेवण्याचा वेळ साधारण तिसऱ्या हिश्शानं कमी केला. वाळत घातलेली पट्टी मामांनी ट्यूबलाइटसमोर धरली, भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग मला जवळ बोलावून बोटानं दाखवलं: बाळाच्या पापण्यांचे केस एकेक मोजता येत होते, आणि मागचं कॅलेंडर धूसर झालं होतं.