परफॉर्मन्स टायर घेताना रिमकडे नको, रबराकडे बघा

छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर टायरच्या दुकानासमोर गाडी लावली की पहिला सल्ला बहुतेक हाच मिळतो: "साहेब, सोळाचं काढून सतराचं रिम टाका, टायर रुंद घ्या, गाडी रस्त्याला चिकटून पळंल." सांगणारा मनापासून सांगतो, आणि गाडी दिसायला उठावदार होते हेही खरं. पण पकडीचं जे कारण तो देतो, ते अर्धवट आहे. मराठवाड्यात मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, मिरगाच्या पहिल्या सरीला डांबर निसरडं होतं, आणि समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरचा वेग तासन् तास टिकवता येतो. इथे परफॉर्मन्स टायर, म्हणजे पकड आणि चपळ वळणं यासाठी बनवलेला टायर, निवडणं म्हणजे आधी उष्णतेचा आणि पाण्याचा विचार करणं. रिमचा इंच त्यानंतर येतो.

साधा हिशोब करू. गाडी १,३०० किलोची धरली तर प्रत्येक चाकावर सुमारे ३२५ किलो भार येतो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास दाब. भागाकार केला की जमिनीला टेकलेला भाग निघतो साधारण १४५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तळहाताएवढा. टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर या भागाचं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, त्याचा आकार बदलतो. तो आडवा रुंद होतो आणि लांबीला आखूड होतो. वळणावर याचा फायदा मिळतो, स्टिअरिंग फिरवताच गाडी चटकन वळते. मात्र पाण्यातून जाताना तोच रुंदपणा आडवा येतो. तळहाताएवढा तुकडा रस्त्याला किती घट्ट धरेल, हे मुख्यतः त्यातलं रबर ठरवतं.

रबराची पकड दोन प्रकारे तयार होते. एक म्हणजे रबराचे रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात आणि सुटतात. दुसरा प्रकार जास्त मजेदार आहे. डांबरातल्या खडीच्या बारीक टोकांवरून घसरताना रबर दाबलं जातं आणि पुन्हा फुगतं, पण फुगताना ते दाबायला लागलेली सगळी ऊर्जा परत करत नाही. काही ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि तेवढा विरोध घसरण्याला होतो. रस्ता ओला असला की पाण्याच्या थरामुळे पहिला प्रकार कमजोर पडतो आणि भिस्त दुसऱ्यावर येते. ग्रॉश या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये रबराच्या घर्षणावर केलेले प्रयोग आजही या विषयाचा पाया मानले जातात. वेग आणि तापमान बदललं की रबराची पकड कशी बदलते, हे त्यांनी मोजून दाखवलं.

आता एक पेच उभा राहतो. ऊर्जा खाणारं रबर पकड चांगली देत असेल, तर ते चालतानाही ऊर्जा खाणार. मग मायलेज घसरणार आणि टायर तापणार. जुन्या काळी हे खरंच होतं: पकड हवी तर मऊ, लवकर झिजणारं, पेट्रोल खाणारं रबर घ्या. सुटका झाली ती वारंवारतेतल्या फरकामुळे. ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरतं, म्हणजे टायरचा प्रत्येक भाग तेवढ्याच वेळा दबतो आणि सुटतो. खडीच्या सूक्ष्म टोकांवरून घसरताना मात्र तेच रबर सेकंदाला हजारो ते लाखो वेळा थरथरतं. आणि रबराचा स्वभाव असा, की फार जलद थरथरणारं रबर थंड असल्यासारखं वागतं. म्हणून प्रयोगशाळेत ६० अंशांवर रबर किती ऊर्जा वाया घालवतं त्यावरून ते चालताना किती तापेल हे कळतं, आणि शून्य अंशावर किती वाया घालवतं त्यावरून ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा अंदाज येतो. पहिला आकडा कमी हवा, दुसरा जास्त.

हे दोन्ही एकाच मिश्रणात जमवलं सिलिकाने. आधी टायरमध्ये बळकटीसाठी मुख्यतः कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी घालत. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिन कंपनीने सिलिका आणि तिला रबराशी जोडणारं सिलेन नावाचं रसायन वापरून टायर बाजारात आणले. आज चांगल्या परफॉर्मन्स टायरमध्ये हेच तंत्र मुरलेलं आहे. म्हणून दुकानात विचारायचा पहिला प्रश्न मला असा वाटतो: या मॉडेलची ओल्या रस्त्यावरची पकड कशी आहे? युरोपीय लेबल असलेल्या टायरवर ती ए ते ई अशा श्रेणीत छापलेली असते. आपल्याकडेही एआयएस-१४२ या मानकाने ओली पकड, लोळण्याचा विरोध आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा घालून दिल्या आहेत.

या पकडीचं महत्त्व किती? गाडी १०० च्या वेगात आहे आणि समोर अचानक म्हैस आली. ओल्या रस्त्यावर एका टायरचा घर्षणांक (जेवढा मोठा तेवढी पकड जास्त) ०.८ आणि दुसऱ्याचा ०.६ धरू. पहिली गाडी ब्रेक लागल्यापासून ४९ मीटरमध्ये थांबते, दुसरीला साडेपासष्ट मीटर लागतात. हे १६ मीटर कागदावर फार वाटत नाहीत. पण पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे दुसरी अजून ताशी ५० किलोमीटरने पुढे जात असते. कारण तोवर तिची तीन चतुर्थांश ऊर्जाच संपलेली असते, आणि उरलेली एक चतुर्थांश ऊर्जा म्हणजे वेगाच्या दृष्टीने निम्मा वेग. परफॉर्मन्स टायरचे चार पैसे जास्त मोजायचे ते या ५० किलोमीटरसाठी. कुणाला मागे टाकायचं असो वा नसो.

पाणी साचलेलं असेल तेव्हा रबराच्या आधी टायरवरच्या खाचांच्या नक्षीचं काम सुरू होतं. ताशी ९० च्या वेगात, ३ मिलिमीटर पाण्यावरून २० सेंटिमीटर रुंद टायर जातो तेव्हा त्याला दर सेकंदाला सुमारे १५ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. ते सारता आलं नाही तर टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी आपली राहत नाही. विमानांच्या चाकांवर प्रयोग करून 'नासा'ने १९६३ मध्ये एक सूत्र मांडलं: पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ काढा, त्याला साधारण १६.७ ने गुणा, तरंगायला लागण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. ३२ पीएसआयला तो येतो ९४, आणि हवा २४ वर उतरलेली असेल तर ८२. गाडीचे रुंद टायर याहूनही कमी वेगाला तरंगू शकतात. नक्षी खोल असेल तर हा वेग वाढतो. नव्या टायरची खोली साधारण ८ मिलिमीटर असते, कायद्याने किमान १.६ लागते. खाचेच्या तळाशी टीडब्ल्यूआय नावाचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर कायद्याने संपला. पण मिरगाच्या आधी खोली ३ मिलिमीटरवर आलेली दिसली तर मी टायर बदला असंच सांगेन. गोटा झालेला टायर कोरड्या रस्त्यावर बरा धरतो, आणि तेच घातक आहे, कारण चालवणाऱ्याला पावसाची पहिली सर येईपर्यंत काही जाणवतच नाही.

आपल्याकडे पावसाच्या पाण्यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती काळी माती. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकांबरोबर ती डांबरावर येते. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी धरून फुगतं आणि गुळगुळीत लेप तयार होतो. अशा लेपावर कुठल्याही कंपनीचं रबर डांबरापर्यंत पोचत नाही. तिथे वेग कमी करण्याला पर्याय नाही. हीच माती रस्त्याखाली पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं डांबर भेगाळतं. त्यामुळे लो प्रोफाइल, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत बुटक्या असलेल्या टायरचा प्रश्न इथे जास्त गंभीर होतो.

टायरच्या बाजूवर २०५/५५ आर१६ ९१व्ही असं लिहिलेलं असतं. बोट ठेवून वाचा. रुंदी २०५ मिलिमीटर. साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १६ इंचाचं रिम. ९१ हा भारांक, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची क्षमता. टी १९०, एच २१०, डब्ल्यू २७०. आता सतराच्या रिमवर २२५/४५ आर१७ टाकला तर चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, ६३२ ऐवजी ६३४ मिलिमीटर. त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. पण साइडवॉल १०१ मिलिमीटरची उरते, आणि अठराच्या रिमवर २२५/४० घेतला तर ९०. खड्ड्याच्या कडेवर टायर आपटला की रिम आणि खड्डा यांच्यामध्ये एवढंच रबर आणि हवा असते. ती चेपली की आतले दोरे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळवल्या गेल्या आहेत, त्यामुळे चपळ गाड्यांची हौस आपल्या भागाला नवी नाही. हौस जरूर करा, पण कंपनीने दिलेलं रिमच ठेवून त्यावर वरच्या दर्जाचा टायर घाला. ज्याला बीड, धाराशिव, लातूरच्या आतल्या रस्त्यांवरही गाडी न्यायची आहे, त्याच्यासाठी माझ्या मते हाच उत्तम मार्ग आहे. भारांक आणि वेगाचं अक्षर मात्र मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका.

१२० ची मर्यादा असताना २४० चा टायर कशाला, असं कुणी विचारेल. वेगाचं अक्षर प्रत्यक्षात उष्णता सोसण्याची क्षमता सांगतं. टायर दबतो-सुटतो तेव्हा वाया जाणारी ऊर्जा आतच साठते आणि ती सर्वात जास्त तापवते ती नक्षीखालच्या पट्ट्यांच्या कडांना, जिथे पोलादी तारा रबरात बसवलेल्या असतात. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेने रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली (त्यांचं नाव धारण केलेल्या कंपनीचा टायर कारखाना आपल्या वाळूजला आहे). पण गंधकाने रबरात जोडलेल्या बंधांनाही मर्यादा असते. बाहेर ४३ अंश, काँक्रीट त्याहून बरंच तापलेलं, गाडीत पाच माणसं आणि सामान, आणि तासभर अखंड वेग. अशा वेळी वरच्या अक्षराचा टायर हाताशी राखीव क्षमता ठेवतो.

इथे एक समजूत मोडलीच पाहिजे. "उन्हाळा आहे, हवा दोन-तीन पॉइंट कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटंल," असं पंक्चरवाल्यापासून मोठ्या शोरूमपर्यंत कुणीही सांगतं. थंड टायरमध्ये ३३ पीएसआय भरले आणि चालून तो ३० अंशांनी तापला, तर दाब ३७-३८ पर्यंत जातो. टायरची रचना एवढं गृहीत धरूनच केलेली असते. हवा कमी ठेवली तर टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो, आणि तापलेल्या टायरचे थर सुटायला लागतात. वेगात टायर फुटण्यामागे कमी हवा हे मोठं कारण असतं. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर दिलेला दाब सकाळी, टायर थंड असताना भरा. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी त्याच पट्टीवर वेगळा आकडा असतो, लांबच्या प्रवासाला तो पाळा. वाटेत थांबून गरम टायरची हवा सोडू नका. नायट्रोजनने बिघडत काही नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

झिजण्याचा अंदाज ट्रेडवेअर या आकड्यावरून घेता येतो, तो बऱ्याच टायरवर असतो. चाचणीतल्या प्रमाण टायरला १०० धरून तुलना केलेली असते. चपळ टायरवर साधारण २०० ते ३४० दिसतात, आरामाच्या टायरवर ४०० च्या वर. आकडे कंपन्या स्वतः देतात, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची तुलना करायला ते उपयोगी, दोन कंपन्यांची नाही. शेजारचं टेंपरेचर ए, बी, सी हे अक्षर आपल्यासाठी ट्रेडवेअरपेक्षा मोलाचं आहे, ते ए असावं. २०० च्या आसपासचे अर्धे रेसिंग टायर मात्र मी मराठवाड्यात कुणाला सुचवणार नाही. त्यांच्यात खाचा कमी असतात, ते पावसात लवकर तरंगतात.

उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं, म्हणून थंड देशांत हिवाळ्यात ते बदलावे लागतात. परभणीचा पारा थंडीत कधी तेवढा उतरतो, पण पहाटेपुरता. वर्षभर एकच उन्हाळी जातीचा टायर आपल्याला पुरतो. बर्फाची खूण असलेल्या ऑल सीझन टायरसाठी जास्त पैसे मोजू नका.

पैसे देण्याआधी टायरवरची चार आकड्यांची तारीख बघा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. जून २०२० मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन घातलं, त्यामुळे परदेशी मॉडेलचे काही आकार शोधावे लागतात, आणि शोधून मिळालेला टायर दुकानात किती वर्षं पडून आहे ते तपासणं भाग पडतं. पत्र्याच्या शेडमधल्या उन्हात रबर वापराविनाही कडक होतं. आयएसआयची खूण हवीच.

चारही टायर एकदम घेणं जमत नसेल तर नवी जोडी मागे घाला, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरीही. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते, एक्सलरेटरवरून पाय काढला की बहुतेकदा सावरते. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते, आणि मांजरसुंब्याच्या घाटात, पावसात, ती सावरायला जागा मिळत नाही. आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेर आली आहे ना आणि बाणाची दिशा बरोबर आहे ना, हे नट आवळण्याआधी स्वतः बघा. बॅलन्सिंग, अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा पातळ थर नव्या टायरवर असतो, तो जाईपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक आणि वळणं जपून घ्या.