पतसंस्थांचा शरीअतनुसार कारभार

व्याज (अरबीत ‘रिबा’) न देता-घेता चालणाऱ्या सहकारी पतसंस्थेत निर्णय कोण घेते, ते शरीअतमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मनियमांत, बसतात की नाही हे कोण तपासते आणि सभासदांना जाब कोण देते, याची व्यवस्था. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत (अध्यायात) व्यापार वैध आणि रिबा निषिद्ध ठरवला आहे (२:२७५). उधारी लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असेही त्याच सूरेत पुढे सांगितले आहे (२:२८२). कारभाराच्या दृष्टीने हे दुसरे वचन पहिल्याइतकेच महत्त्वाचे.

भारतात हा प्रयोग पतसंस्थांकडे वळण्याचे कारण कायद्यात आहे. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यामुळे बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि व्याजाऐवजी नफा घ्यायचा तर माल विकत घेऊन विकावा लागतो. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो विषय सोडून दिला.

कोल्हापुरात हा विचार समजायला भिशी पुरते. दहा जणांनी महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची आणि चिठ्ठी निघेल त्याने उचलायची, यात व्याज नाही. लिलावाची भिशी मात्र अडते. गरजूने सोडलेली रक्कम बाकीच्यांना वाटली जाते, आणि बहुतेक उलेमांच्या (इस्लामी धर्मपंडितांच्या) मते तो रिबाच.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार संस्थेत एका सभासदाला एकच मत. सभासदत्व धर्मावर अडवता येत नाही. व्यवहार धर्मनियमांत बसतात का हे तपासणाऱ्या शरीअत मंडळाचा या कायद्यात उल्लेख नाही, त्यामुळे ते पोटनियमांतून सल्लागार समिती म्हणून बसवावे लागते. बहारीनच्या ‘आयोफी’ या मानक-संस्थेला मंडळावर किमान तीन जाणकार अपेक्षित आहेत. इंडोनेशियातील शरीअत सहकारी संस्थांत तर हे मंडळ सभासदांची सभाच नेमते. आपल्याकडच्या वार्षिक सभेत विषय वाचून होण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो, फतवा मात्र आवाजी मतदानाने मंजूर होत नाही. सभा हो म्हणाली आणि मंडळ नाही म्हणाले, तर कोणाचे चालेल हे पोटनियमांत आधीच लिहिलेले बरे.

तपासणीची खरी जागा कागदपत्रांत आहे. ‘मुराबहा’ व्यवहार घ्या. सभासदाला ४०,००० रुपयांचे शिलाई मशीन हवे आहे. संस्था ते स्वतः विकत घेते आणि ४,००० चा नफा उघड सांगून ४४,००० ला, ११ हप्त्यांत, त्याला विकते. हप्ता थकला तरी किंमत वाढत नाही. दंड लावलाच तर तो दानधर्मात जातो, नफ्यात नाही. तपासनीस आधी तारखा पाहतो: दुकानाचे बिल संस्थेच्या नावावर आहे का, आणि विक्रीकराराच्या आधीचे आहे का? रोख रक्कम थेट सभासदाच्या हातावर ठेवून बिल मागाहून फाईलला लावले, की उरले ते नाव बदललेले व्याजी कर्ज.

सोनेतारणात गोष्ट आणखी नाजूक. बिनव्याजी कर्जावर (‘कर्ज-ए-हसना’) सेवाशुल्क घेता येते, पण प्रत्यक्ष खर्चापुरतेच. समजा वर्षाचा खर्च सहा लाख आणि कर्जे हजार, तर दर कर्जामागे ६०० रुपये. मग कोणी पाटल्या ठेवून दहा हजार उचलो की गंठण ठेवून पन्नास हजार. रक्कम आणि मुदतीबरोबर शुल्क चढू लागले की संशय सुरू होतो. उत्तर भारतातील मुस्लिम फंडांच्या अर्ज-शुल्कावर हीच टीका झाली. पिग्मी एजंटचे कमिशन या खर्चात धरायचे का, हा प्रश्नही शेवटी मंडळापुढेच येतो.

व्याज पूर्ण टाळणे संस्थेच्याही हातात नसते. कायद्याने निव्वळ नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत जातो, आणि गुंतवणुकीच्या बहुतेक मान्य जागा, मग ती जिल्हा बँकेतली ठेव का असेना, व्याजाच्याच. ते आलेले व्याज वेगळ्या खात्यात टाकून गरजूंना वाटतात. त्यातून लाभांश देता येत नाही. वैधानिक लेखापरीक्षक या खात्याकडे फक्त उत्पन्नाची एक बाब म्हणून पाहतो. ठेवीदारानेही एक लक्षात घ्यावे: बँकठेवींना असलेले पाच लाखांचे विमासंरक्षण पतसंस्थेला, व्याजी असो वा बिनव्याजी, मिळत नाही.