अडवलेले पाणी कोणाचे? लोकसहभागी पाणलोट विकासाची पार्श्वभूमी

ज्या क्षेत्रावर पडलेला पाऊस वाहत एकाच ओढ्याला मिळतो ते पाणलोट; तिथे माती-पाणी अडवण्याच्या कामांचे तंत्र गेल्या ऐंशी वर्षांत फारसे बदललेले नाही. समपातळी बांध (उतारावर एकाच उंचीच्या रेषेत घातलेले), चर, ओघळीतले दगडी बांध, मातीचा नालाबांध ही सगळी कामे 1940 च्या दशकातही माहीत होती. काम कुठे करायचे हे कोण ठरवणार आणि मुरलेले पाणी कोण उपसणार, या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र बदलत गेली. महाराष्ट्रातल्या पाणलोट विकासाचा इतिहास मुख्यतः या दोन प्रश्नांचा आहे, आणि दुसरा प्रश्न अजून बहुतेक गावांत सुटलेला नाही.

वाटपाचे नियम आपल्याकडे नवे नव्हेत. धुळे-नाशिक भागात पांझरा आणि मोसम नद्यांवर फड पद्धत शतकानुशतके चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, भिजणाऱ्या जमिनीचे फड म्हणजे मोठे भाग, एका फडात एकच पीक आणि पाणी देण्यासाठी गावाने नेमलेला पाटकरी, अशी तिची रचना. पण हे नदीचे पाणी होते. डोंगरउतारावरचे पाणी शेतात मुरवण्याची सूचना महात्मा फुल्यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केली. लष्कर-पोलिसांतल्या रिकाम्या शिपायांकडून ताली-बंधारे असे बांधून घ्यावेत, की पाणी आधी शेतांत मुरेल आणि मग नदीनाल्यांना मिळेल. क्रम नेमका होता, पण सरकारने ते मनावर घेतले नाही.

सरकारी काम सुरू झाले ते मृदसंधारणाच्या नावाने. सोलापूरला 1933 मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले आणि 1942 च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने समपातळी बांधबंदिस्तीला कायदेशीर आधार मिळाला. आखणी खात्याची, शेतकऱ्याची भूमिका हरकत नोंदवण्यापुरती. हलक्या आणि मध्यम जमिनीत हे बांध टिकले, खोल काळ्या जमिनीत फसले. ही जमीन उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पहिल्या मोठ्या पावसात पाणी भेगेतून शिरून बांध फुटतो. एकदा फुगली की तीच जमीन पाणी फार हळू मुरवते, बांधाच्या वरच्या अंगाला पाणी साचून पीक सडते. शिवाय समपातळी रेषा शेतांच्या हद्दी जुमानत नाही. एकाच शेताचे तिरके तुकडे पडले, औत फिरवणे अवघड झाले आणि शेतकऱ्यांनी स्वतःच बांध फोडले. काळ्या जमिनीला थोडा ढाळ देऊन जादा पाणी सुरक्षित बाहेर काढणारे बांध लागतात, हे त्यातून कळले.

1972 च्या दुष्काळाने सगळे प्रमाण बदलले. दुष्काळी कामांवर आणि पुढे रोजगार हमीवर लाखो मजूर आले आणि पाझर तलाव, म्हणजे पाणी जमिनीत मुरवून खालच्या विहिरींना पुरवणारे तलाव, मोठ्या संख्येने झाले. मात्र जागा अनेकदा मजूर कुठे आहेत हे पाहून ठरल्या. वरचे क्षेत्र उघडे राहिल्याने पहिल्या काही पावसाळ्यांत बारीक गाळ आला आणि तलावाचा तळ लिंपला गेला. तलावात पाणी दिसते, पण खालच्या विहिरींना पाझर नाही, असे चित्र पुष्कळ ठिकाणी होते. ‘माथा ते पायथा’ हा नियम याच अनुभवातून पक्का झाला. आधी माथ्यावर चर आणि गवत-झाडे, मग ओघळीत दगडी बांध, त्यानंतर शेतातली बांधबंदिस्ती, आणि नाल्यावरचा बंधारा सर्वांत शेवटी.

समपातळी चराचे रूढ माप 60 सेंमी रुंद आणि 30 सेंमी खोल असे आहे. म्हणजे एक मीटर लांबीत 180 लिटर पाणी मावते. माती खालच्या अंगाला टाकायची आणि चर व भराव यांत वीतभर मोकळी जागा सोडायची, नाहीतर तीच माती परत चरात येते. आखणी ए-फ्रेमने (ओळंबा लावलेली A आकाराची चौकट) किंवा पाण्याच्या नळीने करतात. इथे पातळी चुकली की सगळे पाणी चराच्या सखल टोकाला धावते, तिथला भराव फुटतो आणि खाली नवी घळ पडते. अशा चरापेक्षा चर नसलेला बरा.

दुष्काळानंतरच्या प्रयोगांनी मुरलेल्या पाण्याला हात घातला. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1974 पासून देवस्थानच्या पडीक जमिनीवर काम केले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही जहाल वाटतात. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. आणि ऊस नाही.

उसावर बंदी का, हे हिशोब मांडला की कळते. 500 हेक्टरच्या पाणलोटात 400 मिमी पाऊस म्हणजे 20 लाख घनमीटर पाणी. भूजल अंदाजाच्या रूढ निकषांनुसार झिजलेल्या बेसाल्टमध्ये (दख्खनचा काळा खडक) पावसाच्या सुमारे 7 टक्के आणि सच्छिद्र, भेगाळ बेसाल्टमध्ये सुमारे 13 टक्के पाणी मुरते. म्हणजे 1.4 ते 2.6 लाख घनमीटर. पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला सुमारे 20,000 घनमीटर धरले, तर अख्ख्या शिवाराचे नैसर्गिक भूजल 7 ते 13 हेक्टर उसात संपते. चर-बंधाऱ्यांनी मुरण वाढते, पण दुपटीने वाढली तरी चित्र फार पालटत नाही.

राळेगणसिद्धीत 1975 नंतर श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी यांवर भर होता. हरियाणातल्या सुखोमाजरीत भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा मिळाल्यावर चराईबंदी गावानेच पाळली. हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली आणि शेतीसाठी विंधन विहिरी बंद केल्या. या गावांचे कौतुक नेतृत्वापुरते होते. नियमांची नक्कल फारशी झाली नाही.

1990 च्या दशकात नाबार्डमार्फत चाललेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाने गावाची निवडच श्रमदानावर ठेवली आणि जमिनीच्या एकेका गटाचा (गट नंबरचा) आराखडा शेतकऱ्यासोबत बांधावर बसून करायला लावला. पाठोपाठ हनुमंतराव समितीच्या शिफारशींवरून केंद्राची 1995 ची मार्गदर्शक तत्त्वे आली: 500 हेक्टरचे पाणलोट, हेक्टरी 4,000 रुपये, गावाची पाणलोट समिती आणि लोकवर्गणी. 2003 च्या ‘हरियाली’ या सुधारित तत्त्वांनी सूत्रे ग्रामपंचायतीकडे दिली. 2008 च्या सामाईक तत्त्वांनी क्षेत्र 1,000 ते 5,000 हेक्टरच्या समूहापर्यंत आणि खर्च सपाट भागात हेक्टरी 12,000 रुपयांपर्यंत नेला. वर्गणी मात्र अनेक ठिकाणी मजुरीतून परस्पर कापून घेतली गेली. कागदावर सहभाग पूर्ण!

राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेच्या काळात, 2015 पासून, जोर यंत्रांवर गेला. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर भागातले नाला खोलीकरण गाजले होते, पण त्या परिसरात तापी खोऱ्याचा जाड गाळही आहे. बेसाल्टच्या प्रदेशात पाणी धरतो तो मुरमाचा पातळ थर. नाला त्याच्या तळाच्याही खाली कापला तर शेजारच्या शेतांतले पाणी नाल्यात पाझरून वाहून जाते. माथ्यावरची कामे मागे पडली की हाच खोल नाला गाळानेही भरतो.

उपशावर राज्याचा कायदा आहे. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाला 2013 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंदी आहे, पाणलोटनिहाय समित्यांची आणि भूजल वापराच्या आराखड्याची तरतूदही आहे. अडचण अंमलाची आहे. विंधन विहिरीची गाडी रात्रीत काम उरकते आणि खोली बोअर मारणाऱ्यालाच माहीत असते. ज्या समितीकडे निवडक विहिरींच्या ऑक्टोबर आणि मार्चच्या पाणीपातळीची नोंदही नाही, तिला कोणाचा पंप थांबवायचा हे सांगता येत नाही. नोंद असली तरी तिला रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत वजन मिळावे लागते. पीक उभे राहिल्यावर पाण्याचा निर्णय कोणी मानत नाही.