पाणी किती फूट? कन्सोलला विचारा

जुलैचा पाऊस लागला की कोल्हापुरात 'बरं आहे का?'च्या आधी 'पाणी किती फूट?' विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटा कन्सोल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञेला उत्तर देणारा प्रोग्राम, लिहिला : काळ्या पडद्यावर 'पाणी 41' टाइप केलं की उत्तर यायचं, 'इशारा ओलांडला, धोक्याला 2 फूट कमी'.

मग हाव सुटली. गुळाच्या रव्यांचा (ढेपांचा) हिशेब, वीजबिल, सगळं त्याच फाइलीत. 'हे असेल तर हे, नाहीतर ते' ही साखळी लांबत गेली. एकदा गुळाच्या ओळीत कोलन द्यायचा राहिला आणि पाण्याचीही आज्ञा बंद पडली.

उद्यमनगरातल्या कारखान्यांत हत्यार बदलायला कुणी अख्खा लेथ (धातू कापायचं मशीन) खोलत नाही. टूल पोस्टचे, म्हणजे हत्यार धरणाऱ्या पकडीचे, बोल्ट ढिले करायचे, दुसरं टूल बसवायचं. ते काय कापणार याच्याशी मशीनला देणंघेणं नाही, बूड पोस्टात बसलं म्हणजे झालं. प्लगइन, म्हणजे मूळ प्रोग्रामला बाहेरून जोडायची छोटी फाइल, हे असंच टूल.

टूल पोस्ट पायथनसोबत जवळपास तयार मिळते : 'सीएमडी' नावाचं मॉड्यूल, म्हणजे आयत्या कोडची फाइल. 'पाणी' लिहून एंटर दाबलं की ते 'डू_पाणी' नावाचं फंक्शन (एक काम करणारा कोडचा तुकडा) शोधतं आणि चालवतं. हा शोध एंटर दाबल्यावर होतो, म्हणून कन्सोल चालू असतानाही नवं फंक्शन जोडता येतं. मूळ फाइलीला काम उरतं ते एवढंच : 'पीकेजीयूटिल'नं प्लगइनच्या फोल्डरातल्या फाइली हुडकायच्या, 'इम्पोर्टलिब'नं एकेक आत घ्यायची (हेच इम्पोर्ट) आणि तिच्यातलं 'जोड' हे फंक्शन बोलवायचं. ते नाव मी ठरवलेलं. दोन्ही बाजूंनी पाळायचा करार तो. प्रत्येक इम्पोर्टभोवती 'ट्राय-एक्सेप्ट', म्हणजे 'करून बघ, चुकलं तर सोडून पुढे जा', घातलं की गुळाची फाइल बिघडली तरी पाणी चालू राहतं.

फंक्शन जोडायचं मात्र क्लासला (कन्सोलच्या साच्याला), ऑब्जेक्टला (त्या साच्यातून काढलेल्या चालत्या कन्सोलला) नाही. ऑब्जेक्टला जोडलं तर आज्ञा चालते, पण 'हेल्प'च्या यादीत दिसत नाही, कारण यादी क्लासकडे पाहून बनते. यात माझी एक संध्याकाळ गेली.

दुसरी संध्याकाळ मराठीनं खाल्ली. पायथन 3 मध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत चालतं, तरी कन्सोल 'अननोन सिंटॅक्स' (ही आज्ञा कळली नाही) म्हणून झटकून टाकायचा. आज्ञेत कोणती अक्षरं चालतात हे सीएमडी 'आयडेंटचार्स' यादीवरून ठरवतं आणि तिच्यात फक्त इंग्रजी अक्षरं, अंक नि अंडरस्कोर. मी क ते ज्ञ भरले. तरी नाही! काना नि वेलांटी ही संगणकाच्या लेखी वेगळी चिन्हं. ती नसल्यानं आज्ञा 'प'वरच तुटत होती.

फाइल दुरुस्त करूनही जुनंच उत्तर येतंय? एकदा घेतलेलं मॉड्यूल पायथन लक्षात ठेवतो आणि पुन्हा इम्पोर्ट म्हटलं की तेच हातात देतो. त्याला 'रीलोड' सांगावं लागतं.

आणि इम्पोर्ट म्हणजे नुसतं वाचणं नव्हे, फाइलीतला कोड तिथल्या तिथे चालतो. तुमच्या फाइली पुसणारी ओळ असली तर तीही. मध्ये अडवणारं कुणी नाही. शेजारच्या पोरानं फुटांचे मीटर करणारी फाइल दिली, ती आधी ओळ न् ओळ वाचली, मगच फोल्डरात टाकली. 43 फूट म्हणजे 13.1 मीटर, कन्सोल आता सांगतो. मूळ फाइल मी उघडलीसुद्धा नाही.