रस्त्याच्या कामातलं युटिलिटी शिफ्टिंग आणि पर्यावरण (मराठवाडा)

रस्ता रुंद करायचा असो की सिमेंटचा, जमिनीखालच्या पाणीलाइन, ड्रेनेज, ओएफसी (ऑप्टिकल फायबर) केबल आणि वरचे विजेचे खांब, डीपी (विजेचे ट्रान्सफॉर्मर) हलवावेच लागतात, यालाच युटिलिटी शिफ्टिंग म्हणतात. धूळ, झाडतोड, मुरमाचा उपसा, पावसाच्या पाण्याची वाट अडणं हे त्याच कामाचे पर्यावरणाचे प्रश्न. एस्टिमेटमध्ये दोन्ही वेगवेगळे दाखवतात, पण मराठवाड्यात दोन्हीची गाठ शेवटी पाण्यापाशीच पडते.

इथं बऱ्याच शहरांत नळाला रोज पाणी नसतंच, काही दिवसांआड पाळी असते, अन् नेमकं पाळीच्या दिवशी जेसीबीचा दात पाइपला लागला की त्या वॉर्डाची अख्खी पाळी गेली, मग पुढच्या पाळीपर्यंत टँकर. त्यामुळं शटडाऊन, म्हणजे लाइन बंद ठेवणं, कधी घ्यायचा हे ठेकेदाराच्या सोयीनं नाही, पाणी सोडायच्या वेळापत्रकावर ठरायला पाहिजे. छत्रपती संभाजीनगरला पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं. तिथल्या नव्या योजनेची 2500 मिमी व्यासाची लाइन पैठण रोडलगत, आणि रुंदीकरणही त्याच रोडचं, म्हणजे जागा एक अन् कामं दोन.

खरी अडचण नकाशाची. जुन्या लाइन कागदावर एकीकडं अन् जमिनीत दुसरीकडं, आणि कोणता व्हॉल्व्ह कुठं गाडला गेलाय हे बऱ्याचदा फक्त जुन्या व्हॉल्व्हमनला माहीत असतं, तो रिटायर झाला की संपलं. गावाकडं तर शेतकऱ्यांनी विहिरीवरून पलीकडच्या रानात नेलेल्या खासगी पाइपलाइन रस्त्याखालून जातात, त्या कुठल्याच नकाशात नसतात. म्हणून मशीन लावायच्या आधी हातानं खड्डे घेऊन बघतात (ट्रायल पिट), आणि नवीन रस्त्यात आडवे मोकळे पाइप आधीच टाकून ठेवले तर पुढं शेतकऱ्याला डांबर फोडावं लागत नाही. खोदायच्या आधी लाइनवाल्यांना कळवायसाठी केंद्र सरकारनं मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप काढलं, पण त्यात खासगी पाइपलाइन कुठून दिसणार? संभाजीनगरच्या जुन्या भागात आणखी एक गोष्ट जमिनीखाली आहे, मलिक अंबरच्या काळातली सतराव्या शतकातली नहर (शहराला पाणी आणणारा जमिनीखालचा जुना कालवा), तिच्यावरून पोकलेन चालवताना जरा जपूनच.

काळी माती हा वेगळाच ताप. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि तिच्यात नुसता पाइप टाकून बुजवला की वर्ष-दोन वर्षांत जोड सरकून लिकेज सुरू होतं, वर रस्ताही खचतो. पाइपखाली वाळूचा नाहीतर बारीक मुरमाचा थर पाहिजेच.

विजेचं काम महावितरणच्या देखरेखीखाली होतं. रब्बीत डीपी बंद ठेवून खांब हलवायला काढले तर हरभरा-गव्हाचं पाणी चुकतं, बाकी त्यात फार गुंतागुंत नाही.

झाडांचं दुखणं जुनं आहे. संभाजीनगर-अजिंठा रस्त्यावरच्या वडांसारखी झाडं रुंदीकरणात गेली. केंद्राच्या 2015 च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्प खर्चाचा 1 टक्का झाडांसाठी ठेवायचं ठरलंय, पण इथं रोपं लावणं सोपं आणि एप्रिल-मे काढणं अवघड, टँकरची तरतूद नसेल तर पावसाळ्यात लावलेलं उन्हाळ्यात जळतं.

धुळीवर दिवसातून दोन-तीनदा पाणी मारायचं असतं. संभाजीनगर, जालना, लातूर ही तिन्ही शहरं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवा खराब असलेल्या शहरांच्या, यादीत आहेत, आणि वेचणीला आलेल्या कापसावर डायव्हर्शनची धूळ बसली तर भाव पडतो तो वेगळाच. मारायचं पाणी मात्र बोअरचं कशाला? क्युरिंगला (सिमेंट ओलं ठेवायला) आणि धुळीला एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं, प्रक्रिया केलेलं पाणी चालतं.

भरावाचा मुरूम टेकडी फोडून आणण्यापेक्षा तलाव-नाल्यातून घेतला की रस्ताही होतो अन् साठवणही वाढते, याला शेजारच्या विदर्भात बुलढाणा पॅटर्न म्हणतात. मराठवाड्यासाठी ही सगळ्यात कामाची गोष्ट, फक्त गौण खनिजाची परवानगी घेऊन, आणि बंधाऱ्याच्या पायथ्याला हात न लावता. भराव उंच झाला की जुने नळकांडी पूल बुजतात अन् एका बाजूच्या रानात सोयाबीन पाण्यात उभं राहतं, म्हणून पुलांची कामं जूनच्या आधी उरकतात.

हलवलेल्या लाइनची प्रेशर टेस्ट डांबराचा थर पडायच्या आधी घ्यायची असते. घाईत ती राहते, आणि पहिली पाळी सुटली की नव्या कोऱ्या रस्त्यातून कारंजं उडतं.